गिरणीतला मास्तर

‘पॉझिटिव्ह सायकॉलॉजी’ हा शब्द आता आपल्या कॅम्पसवर कुणालाच नवीन राहिलेला नाही. ओरिएंटेशनला त्यावर एक लेक्चर असतं, प्लेसमेंटच्या आधी एक वर्कशॉप असतं, आणि मेसमध्ये पोळी कच्ची निघाली की कुणीतरी हमखास म्हणतंच, बी पॉझिटिव्ह! माणसाचं काय बिघडलंय हे शोधत बसण्यापेक्षा माणूस कशाने फुलतो ते शोधा, असं सांगणारी ही मानसशास्त्राची शाखा. मार्टिन सेलिगमन १९९८ साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी हा विषय लावून धरला. पुढे शाळांनी तो घेतला, कंपन्यांनी घेतला, आणि आता तो आपल्यापर्यंत आला आहे.

मी मात्र आज ज्या माणसाबद्दल लिहिणार आहे, त्याने हा शब्द ऐकणं शक्यच नव्हतं. तो १८५८ साली वारला. तरीसुद्धा शाळा आणि कारखाना या दोन्ही ठिकाणी माणसं सुखी राहतील का, याचा प्रयोग त्याने सलग पंचवीसेक वर्षं केला, तोही स्वतःचे आणि पार्टनर लोकांचे पैसे घालून, आणि वर नफा कमावून. त्याचं नाव रॉबर्ट ओवेन. आमच्या नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात त्याच्यावर जेमतेम एक ओळ होती आणि तीसुद्धा त्याच्या फसलेल्या प्रयोगाबद्दल. जो प्रयोग यशस्वी झाला त्याबद्दल काहीच नाही. म्हटलं, ही उणीव आपणच भरून काढावी.

ओवेनचा जन्म १४ मे १७७१ चा. गाव न्यूटाऊन, वेल्समधलं. वडील घोड्याची खोगिरं बनवायचे, लोखंडी सामान विकायचे आणि गावचं पोस्टही सांभाळायचे. म्हणजे खाऊन-पिऊन बरं चाललेलं घर. पोरगा इतका हुशार की सातव्या वर्षीच मास्तरांनी त्याला लहान मुलांना शिकवायला बसवलं. शाळेत रोज पहिला पोचायचा त्याला नाद. एकदा त्या घाईत उकळती लापशी तशीच गिळली आणि पोट आतून भाजलं. मरता मरता वाचला. त्यानंतर जन्मभर त्याला काहीही पटकन पचेना. म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात तो म्हणतो की आपण काय खातो आणि त्याने आपल्याला काय होतं हे बारकाईने बघायची सवय त्याला तेव्हापासून लागली. आपण याला ऑब्झर्व्हेशन म्हणू. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

दहाव्या वर्षी तो घर सोडून लंडनला भावाकडे गेला. तिथून स्टॅमफर्डला एका कापडाच्या दुकानात उमेदवारी. मालक भला माणूस, त्याच्याकडे पुस्तकं भरपूर, आणि या पोराला ती वाचायची मुभा. पुढे लंडन ब्रिजवरच्या एका गर्दीच्या दुकानात, मग मँचेस्टरला. मँचेस्टर म्हणजे त्या काळची सिलिकॉन व्हॅलीच समजा. क्रॉम्प्टनचं ‘म्यूल’ नावाचं सूत कातायचं यंत्र नवं नवं आलेलं, आणि ज्याच्या हाताशी चार पैसे तो गिरणीत घुसत होता. ओवेनने भावाकडून शंभर पौंड उसने घेतले आणि एका कारागिराबरोबर भागीदारीत म्यूल बनवायला सुरुवात केली.

आता जो प्रसंग आहे तो मला सगळ्यात आवडतो, कारण तेव्हा तो बरोबर माझ्या वयाचा होता. वीस! ड्रिंकवॉटर नावाच्या एका गिरणीमालकाचा मॅनेजर सोडून गेला होता. ओवेन जाहिरात वाचून थेट जाऊन उभा राहिला. मालकाने पगाराची अपेक्षा विचारली, तर पठ्ठ्याने वर्षाला तीनशे पौंड सांगितले. त्या दिवशी सकाळपासून आलेल्या सगळ्यांचे आकडे मिळूनही इतकी रक्कम होत नाही, असं मालकाला वाटलं. पण ओवेनने स्वतःच्या धंद्याचे हिशोब दाखवले. सध्या तो तेवढं कमावतच होता. नोकरी मिळाली. पाचशे माणसं हाताखाली, बारीक सूत काढायची गिरणी, आणि त्यातलं त्याला काहीच येत नव्हतं.

मग त्याने काय केलं? सहा आठवडे तो काही बोललाच नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी गिरणीत यायचं, रात्री स्वतः कुलूप लावायचं, आणि मधल्या वेळात नुसतं बघत फिरायचं. कुणी काही विचारलं तर हो किंवा नाही, एवढंच. सहा आठवड्यांनी त्याने हुकूम द्यायला सुरुवात केली तेव्हा त्याला यंत्रंही कळली होती आणि माणसंही. टेक्स्टाईलच्या मुलांसाठी सांगते : त्या गिरणीच्या सुताचा काउंट १२० च्या आसपास होता, तो त्याने ३०० च्या वर नेला.

याच काळात त्याच्या डोक्यात एक विचार पक्का बसला. माणूस चांगला की वाईट हे त्याच्या आजूबाजूची परिस्थिती ठरवते. मग आळशी, दारुड्या, चोर म्हणून त्याला शिक्षा करण्यात काय अर्थ? परिस्थिती बदला, माणूस बदलेल. हा विचार किती खरा यावर भांडता येईल (मला तो पूर्ण पटत नाही, एकाच रूममध्ये राहणाऱ्या आम्ही तिघी तीन तऱ्हेच्या आहोत!), पण यातून पुढे जे झालं ते बघण्यासारखं आहे.

स्कॉटलंडमध्ये क्लाईड नदीच्या धबधब्यांजवळ न्यू लॅनार्क नावाची गिरण्यांची वसाहत होती. डेव्हिड डेल या उद्योगपतीने १७८६ मध्ये ती सुरू केलेली. सगळी यंत्रं नदीच्या पाण्यावर चालायची. ओवेन कामानिमित्त ग्लासगोला जायचा, तिथे त्याची डेलच्या मुलीशी, कॅरोलाइनशी ओळख झाली. १७९९ मध्ये ओवेन आणि त्याच्या पार्टनर्सनी साठ हजार पौंडांना गिरणी विकत घेतली आणि त्याच वर्षी त्याने कॅरोलाइनशी लग्न केलं. १ जानेवारी १८०० पासून कारभार त्याच्या हातात आला.

तिथली परिस्थिती काय होती? वस्ती सुमारे दोन हजार. त्यातली पाचशेच्या आसपास मुलं, एडिंबरो आणि ग्लासगोच्या अनाथालयांतून आणलेली, काही तर सहा-सात वर्षांची. डेल त्या काळाच्या मानाने दयाळू मालक होता. मुलांना पोटभर खायला होतं, स्वच्छ झोपायला होतं आणि संध्याकाळी शाळासुद्धा होती. फक्त ती शाळा सकाळी सहा ते संध्याकाळी सात काम झाल्यावर भरायची. मुलं पुस्तकावरच पेंगायची. मोठ्यांमध्ये दारू आणि चोऱ्या चालू, आणि नव्या मालकावर कुणाचाच विश्वास नाही.

ओवेनने एकाही माणसाला उपदेशाचं लेक्चर दिलं नाही. अनाथालयातून नवी मुलं आणणं बंद केलं. दहा वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घ्यायचं नाही असं ठरवलं. रस्ते साफ केले, घरं वाढवली. गावातले दुकानदार भेसळीचा माल चढ्या भावाने उधारीवर द्यायचे, म्हणून कंपनीचं दुकान काढलं. घाऊक खरेदी, चांगला माल, भाव खरेदीच्या जवळपास, आणि उरलेला नफा पुढे शाळेला. आजारपणासाठी फंड, बचतीसाठी बँक. कामाचे तास हळूहळू कमी करत १८१६ पर्यंत पावणेअकरावर आणले. आपल्याला पावणेअकरा तास ऐकूनच घाम फुटेल, पण तेव्हा तेरा-चौदा तास ही सर्रास गोष्ट होती.

तरीही लोक संशयानेच बघत होते. सहा-सात वर्षं गेली. मग अमेरिकेने इंग्लंडशी व्यापार तोडला आणि कापसाचे भाव भडकले. बाकीच्या गिरण्यांनी सरळ कामगार काढून टाकले. ओवेनने यंत्रं थांबवली, पण माणसं ठेवली. चार महिने त्यांना फक्त यंत्रं पुसून-तेल घालून नीट ठेवायचं काम, आणि पगार पूर्ण. सात हजार पौंडांहून जास्त खर्च झाला. त्यानंतर मात्र वस्ती त्याच्या बाजूने झाली ती कायमची.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं. गेल्या सुट्टीत मी इनप्लांट ट्रेनिंगला एका कारखान्यात होते, नाव नको सांगायला. तिथे कँटीनच्या भिंतीवर ‘हॅपिनेस वॉल’ होती. रोज एक चांगली गोष्ट चिठ्ठीवर लिहून चिकटवायची. पिवळ्या, गुलाबी चिठ्ठ्या, दिसायला छान. कॉन्ट्रॅक्टवरच्या बायका मात्र जेवायला बाहेर शेडच्या कडेला जमिनीवर बसायच्या, कारण कँटीनचं कार्ड त्यांना नव्हतंच. त्यांच्या चिठ्ठ्या त्या भिंतीवर असण्याचा प्रश्नच नव्हता. आता कृतज्ञतेची डायरी लिहिण्याने माणसाला बरं वाटतं यावर संशोधन झालेलं आहे, मी ते खोटं म्हणत नाही. पण ओवेनने सुरुवात घरापासून, वाणसामानापासून आणि पगारापासून केली. चिठ्ठ्यांनी केली नाही.

मात्र ओवेनला देव करायचीही गरज नाही. कारण त्याचीही एक ‘भिंत’ होती, आणि ती जास्त गमतीदार आहे. तिचं नाव ‘सायलेंट मॉनिटर’. प्रत्येक कामगाराच्या जागेजवळ लाकडाचा एक छोटा चौकोनी ठोकळा टांगलेला. त्याच्या चार बाजूंना चार रंग : काळा म्हणजे वाईट, निळा म्हणजे जेमतेम, पिवळा चांगला, पांढरा उत्तम. आदल्या दिवशीच्या वागणुकीप्रमाणे सुपरवायझर एक रंग समोर करून ठेवायचा. सुपरवायझरचा स्वतःचा ठोकळा वेगळा, तो त्याच्या वरचा फिरवायचा! रोजचे रंग एका वहीत उतरवले जायचे. ओवेन खात्यातून फिरताना फक्त रंगाकडे आणि माणसाकडे बघायचा, तोंडाने काही बोलायचा नाही. आपल्यावर अन्याय झाला असं वाटलं तर कामगाराला थेट त्याच्याकडे दाद मागता यायची. सुरुवातीला काळे-निळे रंगच जास्त दिसायचे, मग पिवळे वाढले आणि शेवटी पांढरे, असं तो अभिमानाने लिहितो.

मारझोड आणि शिवीगाळ यापेक्षा हे नक्कीच बरं. पण रोज डोक्यावर स्वतःचा रंग टांगून काम करायचं? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये वर्गाच्या भिंतीवर स्टार्सचा तक्ता असायचा. ज्यांना स्टार मिळायचे त्या मुली तक्त्याकडे बघायच्या आणि बाकीच्या खिडकीबाहेर. आणि इथे तर फक्त मुलींचा वर्ग नव्हता, ज्याच्या हातात पोट आहे तो मालक समोरून चालत जात होता.

गंमत म्हणजे हाच ओवेन शाळा काढतो तेव्हा तिथे ठोकळा, तक्ता, बक्षीस, छडी काहीच ठेवत नाही. १ जानेवारी १८१६ ला त्याने न्यू लॅनार्कमध्ये एक संस्था उघडली. नाव भारदस्त, ‘इन्स्टिट्यूशन फॉर द फॉर्मेशन ऑफ कॅरेक्टर’. म्हणजे चारित्र्य घडवण्याची संस्था. नीट चालता यायला लागलं की मूल तिथे यायचं. इतक्या लहान मुलांसाठी ब्रिटनमधल्या अगदी पहिल्या शाळांपैकी ही एक. मास्तर कसे निवडले बघा : जेम्स बुकॅनन हा हातमागावरचा विणकर, आणि मॉली यंग ही सतरा वर्षांची गिरणी कामगार मुलगी. दोघांनाही फार शिक्षण नव्हतं. ओवेनला हवी होती ती मुलांची आवड आणि न संपणारा पेशन्स. त्यांना सूचना एवढ्याच : मुलाला कधी मारायचं नाही, धमकावायचं नाही, वाईट शब्द वापरायचे नाहीत, आणि मुलांनाही सांगायचं की सोबतच्या मुलाला आनंदात ठेवणं हे तुझं काम.

लहान मुलांना पुस्तकांचा जाच नव्हता. हवा बरी असली की बाहेर, बागेत, नदीकडे. मूल जे विचारील त्यावर गप्पा. भिंतींवर प्राण्यांची मोठमोठी चित्रं. गाणं आणि नाच शिकायचा, मुलांनीही आणि मुलींनीही. भूगोल तर खेळच होता : नावं न लिहिलेला मोठा नकाशा, एका मुलाच्या हातात काठी, आणि बाकीच्यांनी त्याला गावं-शहरं विचारून अडकवायचं. अडकला की काठी दुसऱ्याकडे. पृथ्वीप्रदक्षिणा केलेला एक ब्रिटिश ॲडमिरल पाहुणा म्हणून आला होता. यातली बरीच उत्तरं आपल्यालाही आली नसती, असं त्याने कबूल केल्याचं ओवेनने नोंदवलं आहे.

बक्षीस नाही हे विशेष. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९७३ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. ज्या बालवाडीतल्या मुलांना चित्र काढायची मुळात आवड होती, त्यांना आधीच सर्टिफिकेटचं आमिष दाखवलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुलं चित्रं कमी काढायला लागली. ज्यांना काही कबूल केलं नव्हतं त्यांची आवड तशीच राहिली. ओवेनला हे शाळेच्या बाबतीत उमगलं होतं. गिरणीच्या बाबतीत का नाही? मला वाटतं, मुलाला आवडेल म्हणून शिकू द्यायला तो तयार होता, पण दिवसाला पावणेअकरा तास म्यूलमागे धावणं कुणाला आवडेल असं त्यालाही मनापासून वाटत नसावं. तिथे ठोकळा लागणारच.

हे सगळं करूनही नफा होत होता, हीच खरी बातमी होती. त्याच्याच हिशोबानुसार पहिल्या दहा वर्षांत पाच टक्के व्याज सोडून साठ हजार पौंड नफा झाला. तरी पार्टनर कुरकुरायचेच, शाळेवर खर्च कशाला म्हणून. १८१३ च्या अखेरीस त्यांनी गिरणी लिलावात काढली. ओवेन बुडाला अशी हूल आधीच उठवली होती, म्हणजे किंमत पडेल आणि आपल्यालाच स्वस्तात मिळेल. पण ओवेनने गुपचूप नवे पार्टनर जमवले होते. त्यात तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम होते आणि क्वेकर पंथाचे विल्यम ॲलन होते. पाच टक्क्यांवरचा नफा लोकांच्या शिक्षणासाठी आणि भल्यासाठी वापरायला हे लोक तयार होते. बोली चढत चढत एक लाख चौदा हजार शंभर पौंडांवर गेली आणि गिरणी ओवेनकडे राहिली. त्या दिवशी न्यू लॅनार्कच्या खिडक्यांत दिवे लावले होते. ओवेन परत आला तेव्हा लोकांनी गाडीचे घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढत घरापर्यंत नेली.

मग पाहुण्यांची रीघ लागली. रशियाचा राजपुत्र निकोलस (पुढचा झार) येऊन गेला. कारखानदारांना ओवेनचं सांगणं साधं होतं : लोखंडी यंत्राला तेल घालता, पुसता, जपता, मग या जिवंत यंत्रांची काळजी घेतलीत तर त्याहून जास्त फायदा होईल. हिशोबी लोकांना हिशोबाने पटवायचं. पण ‘जिवंत यंत्रं’ हा विचारच काही जणांना खटकला. कवी रॉबर्ट साउदी १८१९ मध्ये न्यू लॅनार्क बघून गेला, आणि त्याला हे सगळं एखाद्या मळ्यासारखं वाटलं. गुलाम सुखात आहेत, मालक प्रेमळ आहे, पण मळाच. आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. घरं स्वच्छ आहेत का हे बघायला कमिटी यायची, दारू पिऊन गोंधळ घातला तर दंड व्हायचा, आणि गावाचा कारभार कसा चालावा यात कामगारांचा शब्द शेवटचा नव्हता. नंतर ओवेननेच लिहिलं की ती माणसं सुखी असली तरी माझ्या मर्जीवर जगणारे गुलामच होती. स्वतःच्या सगळ्यात यशस्वी कामाबद्दल असं लिहिणारा मालक विरळाच म्हणायचा.

एका गिरणीपुरतं हे राहू नये म्हणून त्याने कायद्यासाठी खटपट केली. मुलाला, रॉबर्ट डेलला, बरोबर घेऊन देशभरच्या गिरण्या पाहिल्या. पार्लमेंटपुढे साक्ष दिली. १८१९ मध्ये कायदा झाला तो पार पातळ होऊन : फक्त सुती गिरण्यांना लागू, वयाची अट दहाऐवजी नऊ, तास साडेदहाऐवजी बारा, आणि तपासायला इन्स्पेक्टरच नाहीत.

त्यानंतरचा काळ मी भरभर सांगते. १८१७ मध्ये त्याने लंडनच्या जाहीर सभेत सगळ्याच धर्मांवर टीका केली आणि मोठे लोक दुरावले. इकडे ॲलनला शाळेतला नाच, गाणं आणि मुलांचे उघडे पाय दिसणारे घागऱ्यासारखे किल्ट खुपू लागले. कंटाळून ओवेन १८२४ मध्ये अमेरिकेला गेला आणि इंडियानात ‘न्यू हार्मनी’ नावाचं अख्खं गाव विकत घेतलं. माझ्या पुस्तकातली ओळ ती हीच. तिथे सगळे समान, सगळ्यांचं मिळून एक. जो येईल त्याला घेतलं, आठशेच्या वर लोक जमले, ओवेन स्वतः बरेचदा गावाबाहेर, आणि दोन वर्षांत भांडून सगळं मोडलं. त्याच्या संपत्तीचा पाचातला चार हिस्सा त्यात बुडाला. कॅरोलाइन कधी अमेरिकेला गेली नाही. ती १८३१ मध्ये स्कॉटलंडलाच वारली. जगाच्या सुखाचा हिशोब मांडणाऱ्या माणसाच्या बायकोची ही वर्षं कशी गेली असतील, हा विचार मला वाचताना सारखा येत होता.

गिरणीमालक नसलेला ओवेन मग कामगारांचा पुढारी झाला. १८३४ च्या मोठ्या संयुक्त कामगार युनियनमागे तो होता, तीही लवकरच मोडली. पण त्याच्या विचारांच्या काही लोकांनी, त्यात विणकरही होते, १८४४ मध्ये रॉचडेलला लोणी, साखर, पीठ विकणारं एक छोटं दुकान काढलं. इथे मालक कुणी एक नव्हता, गिऱ्हाईकच मालक. आपल्याकडच्या ग्राहक सहकारी भांडारांची वंशावळ तिथपर्यंत जाते. मालकाच्या चांगुलपणावर चालणारं न्यू लॅनार्कचं दुकान, आणि स्वतःच्या वर्गणीवर चालणारं रॉचडेलचं. ओवेनला जे जमलं नाही ते त्याच्या शिष्यांनी असं करून दाखवलं.

१८५८ च्या ऑक्टोबरमध्ये, ८७ वर्षांचा असताना, तो लिव्हरपूलला एका सभेत बोलायला उभा राहिला आणि तिथेच कोसळला. थोडं बरं वाटल्यावर त्याने न्यूटाऊनला न्या म्हणून सांगितलं. लहानपणी सोडलेलं ते गाव. जन्माच्या घराजवळच्याच एका हॉटेलात तो १७ नोव्हेंबरला वारला, आणि आईवडिलांच्या जवळ त्याला पुरलं. न्यू लॅनार्कच्या गिरण्या १९६८ पर्यंत चालल्या. २००१ पासून ते गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मुलं नकाशावर काठी फिरवायची ती शाळेची इमारत अजून उभी आहे, आणि नदीचं पाणी आता तिथे टर्बाइन फिरवून वीज देतं.